बडोद्यातल्या गल्ली-सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कारेलीबाग, समा, मांजलपूर अशा भागांतल्या सोसायट्यांचे आणि गणेश मंडळांचे गट चालवणारी मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बडोद्याच्या वस्त्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

सोशल मीडियाचं कौशल्य म्हणजे नेमकं काय? रील बनवता यायला हवं का?

रील येत असेल तर छानच, पण शेजाऱ्यांनी मिळून काम करायला त्याची गरज नसते. तुमच्या भाषेचा, जातीचा, धर्माचा किंवा वयाचा नसलेला माणूस तुमचा संदेश वाचतो आणि पुढे काय करायचं ते त्याला लगेच कळतं, हे खरं कौशल्य. संदेश पूर्ण लिहायचा, ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं वेगळं सांगायचं, काम झालं की तसं कळवायचं आणि कोणाची चूक दुरुस्त करताना त्याची लाज राखायची. हे सत्तरीतल्या आजीलाही जमतं आणि कॉलेजातल्या हुशार मुलालाही शिकावं लागतं.

आमच्याकडे सगळे ओळखीचेच आहेत. मग एवढा विचार कशाला?

खरंच सगळे ओळखीचे आहेत का, हे एकदा मोजून पाहा. गायकवाडांबरोबर आलेली मराठी घरं इथे अठराव्या शतकापासून आहेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वारसियात वसली. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, पुढे खतांचे आणि रसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी माणसं आली. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार आहेत आणि सयाजीराव विद्यापीठात देशभरातले विद्यार्थी. जुन्या शहरात हिंदू आणि मुसलमानांच्या गल्ल्या एकमेकींना लागून आहेत.

आता तुमच्या गटातली नावं काढून बघा. बहुतेक गटांत घरमालक असतात, भाडेकरू नसतात. तळमजल्यावर राहणाऱ्या चार विद्यार्थिनी नसतात. वॉचमन नसतो. पाणी आधी शिरतं ते मात्र तळमजल्यावर आणि वॉचमनच्या खोलीत.

घरटी एकच नंबर घ्यावा की जास्त?

दोन घ्या आणि त्यांतला एक घरातल्या बाईचा असू द्या. एकच नंबर मागितला की तो बहुधा पुरुषाचा येतो आणि तो पुरुष दिवसभर कंपनीत असतो. नळाला गढूळ पाणी आलंय, गॅसचा वास येतोय, शेजारच्या आजींनी सकाळपासून दार उघडलेलं नाही, या गोष्टी घरी असणाऱ्या माणसाला आधी कळतात. ज्या गटांत बायका बोलत्या आहेत तिथे कामं लवकर होतात, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

काही घरांत सुनेचा नंबर पुरुषांच्या गटात देणं आवडत नाही. तिथे हट्ट नको. बायकांचा वेगळा गट करा आणि महत्त्वाची सूचना दोन्हीकडे एकाच वेळी टाका. घरकामाला येणाऱ्या मावशी, भाजीवाला, दूधवाला यांना गटात घालणं जमलं नाही तरी त्यांचे नंबर हाताशी ठेवा. कोणत्या रस्त्यावर पाणी आहे हे पहाटे पाचला त्यांनाच ठाऊक असतं.

गटाची भाषा कोणती ठेवावी? मराठीत लिहिलं तर गुजराती शेजारी नाराज होतात, गुजरातीत लिहिलं तर नव्या सुनांना वाचता येत नाही.

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा.

बडोद्यात जन्मलेली मराठी माणसं गुजराती सहज वाचतात. पुण्या-नाशिकहून लग्न होऊन आलेल्यांना गुजराती बोललेलं कळतं, पण लिपी अडते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना दोन्ही लिप्या जड जातात. उत्तरेकडून आलेल्या कामगारांना हिंदी लागते. म्हणून एकच भाषा ठरवण्याचा आग्रह सोडा. गप्पा ज्याला ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत होऊ द्या. सूचना मात्र दोन लिप्यांत लिहायची: वर गुजराती, खाली हिंदी किंवा मराठी. बारा शब्दांच्या आतली वाक्यं ठेवलीत तर दोन्ही मिळून संदेश एका पडद्यात मावतो.

लिहिताना काही बारकावे सांभाळा. ‘उद्या’ न लिहिता तारीख आणि वार लिहा, कारण रात्री पाठवलेला संदेश अनेकजण सकाळी वाचतात. फोन नंबर आणि वेळ दोन्ही लिप्यांत एकाच प्रकारच्या, म्हणजे फोनच्या कीपॅडवर असतात त्या आकड्यांत द्या. गुजराती आणि देवनागरी आकडे घाईत वाचताना घोटाळा होतो. फोनमधलं आवाजी टंकलेखन गुजराती आणि मराठी दोन्हींत चांगलं चालतं आणि यांत्रिक भाषांतरही कामाला येतं. मात्र भाषांतर पाठवण्याआधी ती भाषा घरी बोलणाऱ्या एका माणसाला दाखवा. कोरडं, हुकमी वाटणारं वाक्य त्याला लगेच जाणवतं, यंत्राला जाणवत नाही.

आणि मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती: मिश्र गटात आपण संख्येने जास्त असलो तरी फक्त मराठीत चर्चा रंगवू नका. ज्याला कळत नाही तो काही बोलत नाही, हळूहळू गट बघणंच सोडून देतो. मग त्याची गरज लागते तेव्हा तो तिथे नसतो.

पुराच्या वेळी गट कसा चालवायचा?

आधी नदीचा स्वभाव सगळ्यांना माहीत हवा. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि शहराच्या मधून वाहते. वरच्या भागात पाऊस झाला किंवा आजवा तलावातून पाणी सुटलं की ती शहरात काही तासांनी चढते. म्हणजे इथे पाऊस थांबून आकाश निवळलं तरी नदी वाढत असू शकते. ‘आता पाऊस नाही, काळजी नको’ असा संदेश म्हणूनच धोक्याचा. शहरात काळाघोडा पुलापाशी पातळी मोजतात आणि २६ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि कित्येक भाग दिवसचे दिवस पाण्यात राहिले.

अशा वेळी ‘पाणी आलं!!’ एवढ्या संदेशाचा काहीही उपयोग नसतो. कुठे, किती, किती वाजता आणि कोणी पाहिलं, हे चार तपशील हवेत. नमुना असा: ‘12 ऑगस्ट, संध्याकाळी 6.40. सोसायटीच्या मागच्या फाटकापाशी गुडघाभर पाणी. मी स्वतः उभा आहे. गाडी जात नाही, पायी जाता येतं.’ पाणी फुटांत सांगण्यापेक्षा घोटा, गुडघा, कंबर असं सांगा, ते सर्व भाषांत एकसारखं कळतं. फोटो टाकलात तर त्यात ओळखीचं दुकान, मंदिर किंवा खांब येऊ द्या आणि खाली वेळ लिहा. वेळ नसलेला फोटो दोन तासांनी दिशाभूल करतो.

मदत मागणारा संदेशही पूर्ण हवा: किती माणसं, कोणता मजला, कोणी आजारी आहे का, कोणता नंबर लागतो. मदत पोचली की त्याच संदेशाला उत्तर देऊन ‘मिळाली, बंद’ असं लिहा. हे सर्वात जास्त राहून जातं. मग तीन वेगवेगळ्या संस्थांची माणसं त्याच घरी दूध घेऊन पोचतात आणि पलीकडच्या गल्लीत कोणीच जात नाही.

वीज गेली की फोनची बॅटरी हेच भांडवल. त्या दिवसांत व्हिडिओ, स्टिकर, नमस्काराचे हात सगळं बंद. ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सोय आहे, पण पुरात ती वापरू नका. अडकलेल्याला लिहिता यायलाच हवं. त्याऐवजी दोन गट ठेवा, एक सूचनांचा आणि एक मदतीचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटी या सोयीत असे गट एका छत्राखाली ठेवता येतात. महत्त्वाचा संदेश वर पिन करा, तो २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतो. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१ हे नंबर कागदावर लिहून जिन्यात चिकटवा, फोन बंद पडला तरी भिंत वाचता येते.

पावसाळ्याआधी एक यादी तयार करा: ऑक्सिजनवर असलेले, डायलिसिसला जाणारे, गरोदर बायका, एकटे राहणारे ज्येष्ठ. ती गटात टाकायची नाही. प्रत्येक इमारतीतल्या दोन विश्वासू माणसांकडे ती असावी आणि शक्य तर ही दोन माणसं वेगवेगळ्या समाजांची असावीत. एका घराशी संबंध ताणलेले असले तरी दुसऱ्याला दार उघडतं.

पुरात मगर दिसली तर?

विश्वामित्रीत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीत येऊ शकतात. दिसली तर जागा आणि वेळ गटात टाका, वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांना फोन करा आणि दूर राहा. व्हिडिओसाठी गर्दी जमवली तर माणूसही घाबरतो आणि मगरही. ती कायद्याने संरक्षित आहे, तिला मारणं किंवा डिवचणं गुन्हा आहे.

अफवा कशी ओळखायची आणि थांबवायची?

दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ अशी खूण असलेला संदेश म्हणजे कोणाही ओळखीच्या माणसाने स्वतः न लिहिलेला संदेश. अशा संदेशाला व्हॉट्सअ‍ॅपनेच एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आहे. ‘आज’, ‘आत्ता’ असं लिहून तारीख नसेल, ‘सगळ्यांना पाठवा’ अशी विनवणी असेल, बातमी वाचून आधी राग येत असेल, तर हात आवरा. फोटो संशयास्पद वाटला तर गुगल लेन्सने शोधा. बरेचदा तो दुसऱ्या शहराचा किंवा जुन्या पुराचा निघतो.

ओळखणं सोपं आहे, थांबवणं नाजूक. गटातल्या एखाद्या वडीलधाऱ्या काकांनी चुकीची बातमी टाकली तर सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हणू नका. आधी त्यांना फोन करा: ‘काका, ही बातमी तपासली, जुनी निघाली. तुम्हीच काढून टाकाल का?’ बहुतेक जण काढतात आणि वर गटात खुलासाही करतात. त्यांनी काढली नाही तर ॲडमिन काढू शकतो. त्यानंतर खरी माहिती स्वतंत्र संदेशात, कोणाचंही नाव न घेता द्यायची. खोट्या संदेशाचा फोटो पुन्हा टाकू नका, वाचणारे अर्धे लोक तोच खरा धरतात.

हे आम्ही इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सोशल मीडियावरच्या एका आक्षेपार्ह चित्रावरून याच शहरात दंगल उसळली आणि मोबाइल इंटरनेट बंद करावं लागलं. तशा संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाचा नंबर तुमच्याकडे असणं, त्याचा आवाज ओळखीचा असणं आणि ‘तुमच्याकडे काय चाललंय?’ असं थेट विचारता येणं, याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. अशी ओळख तणावाच्या दिवशी होत नाही. ती आधी पाण्याच्या टाकीवरून, कचऱ्याच्या गाडीवरून, रक्तदानावरून झालेली असावी लागते.

गणपती आणि नवरात्रात दरवर्षी कुरबुर होते. गटाने काही सुधारेल का?

बऱ्यापैकी सुधारतं, पण फक्त मंडळाच्या गटाने नाही. मंडळाच्या गटात सगळे आपलेच. कुरबुर होते ती बाहेरच्यांशी: ज्यांच्या घरी दहावीचं मूल आहे, ज्यांच्या दुकानासमोर मांडव पडतो, ज्यांची नमाजाची वेळ मिरवणुकीच्या वेळेत येते. म्हणून उत्सवाच्या महिनाभर आधी छोटा समन्वय गट करा. प्रत्येक मंडळाचे दोघे, गरब्याच्या आयोजकांपैकी दोघे, मशिदीच्या किंवा मोहल्ल्याच्या कमिटीतले दोघे, दुकानदारांपैकी एक. पंधरा-वीस माणसं पुरे.

त्या गटात फक्त वेळापत्रक आणि अडचणी. रस्ता कधी बंद, स्पीकर कधी थांबणार, रुग्णवाहिकेला वाट कुठून. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, हा मूळ नियम सगळ्यांना ठाऊक असतो. उत्सवात काही दिवस सरकार सवलत देतं, तेव्हा नेमके कोणते दिवस, हे परवानगीच्या कागदाच्या फोटोसह टाका. निम्मे वाद तिथेच मिटतात. मिरवणुकीची वेळ दोन-तीन पर्यायांतून ठरवायची असेल तर मतदानाची सोय वापरा. पण आकड्यांवर सगळं सोडू नका: पंधरा जणांच्या सोयीपेक्षा एका आजारी माणसाची गैरसोय मोठी असू शकते, आणि ते मतदानात दिसत नाही.

ज्येष्ठांना आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांना कसं सामील करायचं?

आवाजी संदेशाने. पण तो ४० सेकंदांच्या आत आणि मुद्दा पहिल्या वाक्यात. त्याखाली एका ओळीत मजकूरही लिहा, म्हणजे ऑफिसात बसलेल्याला ऐकल्याशिवाय कळेल. इमारतीतल्या एका तरुणाने महिन्यातून एकदा आजी-आजोबांजवळ बसून अक्षरं मोठी करणं, आवाज नोंदवणं, अनोळखी लिंक न उघडणं दाखवावं. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा, हेही शिकवावं. शिकवणारा नातवाच्या वयाचा आणि दुसऱ्या समाजाचा असेल तर उत्तम. त्या तासाभरात फोनपेक्षा जास्त काही शिकून होतं.

गुड मॉर्निंगचे संदेश बंद करावेत का?

सूचनांच्या गटात हो. गप्पांच्या गटात राहू द्या. एकट्या राहणाऱ्या कोणाचं तरी रोजचं सुप्रभात एक दिवस आलं नाही, तर दार वाजवायला ते पुरेसं कारण आहे.

गटात भांडण पेटलं तर ॲडमिनने काय करावं?

पहिल्या पाच मिनिटांत लिहू नये, फोन करावा. दोघांनाही, वेगवेगळा. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, त्यामुळे साधा प्रश्नही टोमणा वाटतो आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेला तर अधिकच. गटात तेवढ्यात एकच ओळ टाकावी: ‘दोघांशी बोलतोय, तोपर्यंत या विषयावर कोणी लिहू नये.’ मग संध्याकाळी ओटल्यावर चहा घेत समोरासमोर बोलणं. व्हॉट्सअ‍ॅपवर पेटलेलं व्हॉट्सअ‍ॅपवरच विझवायला जाऊ नका, माझं हे ठाम मत आहे.

कोणाला काढून टाकणं हा अगदी शेवटचा उपाय. काढलेला माणूस स्वतःच्या समाजाचा वेगळा गट काढतो आणि मग एका जिन्यात दोन बातम्या फिरू लागतात. दोन ॲडमिन वेगवेगळ्या समाजांचे असावेत ते याचसाठी. आपल्या माणसाने सांगितलं की राग लवकर उतरतो, आणि निर्णय एकतर्फी वाटत नाही.

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला अटक होऊ शकते का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे की केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्यात त्याचा सहभाग किंवा समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तणावाच्या काळात पोलीस आयुक्त वेगळे आदेश काढू शकतात, ते वाचा. आणि कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी धर्मावरून चिथावणारा मजकूर ॲडमिनने दिसताक्षणी काढावा.

रक्त हवंय असे संदेश रोज येतात. कोणते पुढे पाठवायचे?

ज्यात तारीख, रुग्णालय, रक्तगट आणि नातेवाइकाचा चालू नंबर आहे तेच, आणि तेही स्वतः फोन करून पाहिल्यावर. रक्तपेढीत दाता मिळाला की संदेश बंद करा, नाहीतर तो वर्षभर फिरतो आणि त्या कुटुंबाला रोज फोन येतात. वस्तीतल्या दात्यांची रक्तगटानुसार यादी आधीच असली तर असे संदेश फिरवावेच लागत नाहीत.

मुलांचे आणि बायकांचे फोटो टाकावेत का?

विचारूनच. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, गाडीचा नंबर दिसणारे फोटो मुळीच नकोत.

कामाशिवाय काही चांगलं, मिळून करण्यासारखं आहे का?

आहे, आणि ते करायलाच हवं. नुसत्या तक्रारींवर चालणारा गट लोकांना नकोसा होतो. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९१० पासून, बडोदे संस्थानात ग्रंथालयांची मोठी चळवळ उभी राहिली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. ती परंपरा फोनवर पुढे नेता येईल. दर आठवड्याला एका घराने आपल्या गल्लीची एक आठवण सांगावी. सुरसागराची, मांडवीची, जुन्या गिरणीची, फाळणीत आलेल्या आजोबांची, कारखान्यात पहिल्या दिवशी रुजू झालेल्या केरळच्या काकांची. आवाजात नोंदवा, दोन मिनिटांत बसवा आणि खाली दोन भाषांत चार ओळी लिहा. बोलणाऱ्याची परवानगी घेऊन वस्तीच्या इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पानावर ठेवा. इथे रील बनवणाऱ्या मुलांचा खरा उपयोग होतो. तांत्रिक बाजू त्यांची, गोष्ट ज्येष्ठांची.

पावसाळा, उत्सव संपले की गट थंड पडतो. चालू ठेवावा का?

ठेवावा, फक्त शांत ठेवावा. दिवाळीनंतर यादी साफ करा: घर सोडून गेलेल्यांचे नंबर काढा आणि त्यांनी सांगितलेली आजारपणाची माहिती पुसून टाका. मे महिन्यात एकदा चाचणी घ्या. ठरल्या वेळी सूचनांच्या गटात एक संदेश टाकायचा आणि एका तासात प्रत्येक घरातून ‘मिळाला’ असं उत्तर येतं का ते पाहायचं. ज्या घरातून येणार नाही, तिथे त्याच संध्याकाळी जाऊन बेल वाजवा. बहुधा नंबर बदललेला असतो, नाहीतर नवे भाडेकरू आलेले असतात आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.